मोहबोडीच्या नऊ सायकली

उन्हाळ्यात आमच्या भागात दोन प्रकारची माणसं गावोगाव फिरतात. एक तेंदूपत्त्याचे ठेकेदार आणि दुसरे आम्ही, अनुदानित शाळांचे शिक्षक. त्यांना पानं पाहिजे असतात, आम्हाला पोरं. ठेकेदार आला की लोक खाट टाकतात, पाणी आणतात. आम्ही गेलो की दारातूनच विचारतात, "यंदा काय देऊन राह्यले, मास्तर?"

मी सरिता. सावंगटोल्याच्या लोकज्ञान विद्यालयात आठवी ते दहावीला गणित शिकवते. एकोणीस वर्षं झाली. त्यातली पहिली काही वर्षं मी शिक्षिका होते, नंतर मी पट भरणारी झाले. आठवीत वीस पोरं पाहिजेत. एकोणीस झाली की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि मग त्याला जिल्ह्याच्या, नाहीतर अख्ख्या विभागाच्या कुठल्याही टोकाला पाठवतात. आमच्या शाळेत सेवाज्येष्ठतेच्या यादीत सगळ्यात खाली मी आहे. म्हणजे विसावं पोरगं सरकारच्या कागदावर पोरगं असतं, माझ्यासाठी ती माझी नोकरी असते. मुख्याध्यापक वामनराव मात्र निवांत. मुख्याध्यापक कधी अतिरिक्त होत नाहीत.

आसपासच्या खेड्यांतून यंदा अकरा पोरं पक्की होती. उरलेली नऊ मोहबोडीत होती. नऊच्या नऊ मुली.

मोहबोडी ते सावंगटोला चार किलोमीटर, त्यातले तीन जंगलातले. या रस्त्यावर वाघ आहे, हे सांगायची आमच्याकडे पद्धत नाही. तो आहेच. गेल्या हिवाळ्यात बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, वळणावर त्याने एक बैल मारला आणि दोन दिवस तिथेच बसून खाल्ला. त्यामुळे मोहबोडीच्या मुली शाळेत जातात त्या रांगेत, सायकलीला सायकल लावून, घंट्या वाजवत. पाच-सहापेक्षा कमी असल्या तर आया पाठवतच नाहीत. एकीने शाळा सोडली की दुसरीची आई डळमळते, दुसरीने सोडली की तिसरीचं लग्न ठरतं. म्हणून मोहबोडीच्या मुली एक तर सगळ्या मिळतात, नाहीतर एकही नाही.

आणि त्या कुठल्या शाळेत जाणार हे ठरवायची उर्वशी.

उर्वशी मोहुर्ले, लटारूभाऊंची मुलगी. पाचवीच्या शिष्यवृत्तीत जिल्ह्यात सहावी आली होती. अंगाने काडी, केसांना तेल भरपूर, आणि प्रश्न विचारायची वाईट खोड. बोलायची आमच्याकडच्या सगळ्या पोरींसारखी, 'मी जातो, मी करतो'. सातवीच्या आठ मुली तिच्या मागे असायच्या, कारण त्यांच्या आयांचा तिच्यावर भरवसा होता. मोहफुलं वेचायला जाताना ही पोरगी दर वळणावर थांबून मागे मोजायची, स्वतःला धरून नऊ भरल्या की पुढे चालायची.

हुशार मुलीला पकडायची एक पद्धत आहे. तिच्या घरच्यांवर आधी एखादा उपकार करून ठेवायचा. फेब्रुवारीत मी तेच केलं. नागपूरच्या एका सरकारी निवासी शाळेची प्रवेश परीक्षा होती, हुशार मुलींसाठी. आठवी ते बारावी सगळं तिथेच. राहणं, खाणं, प्रयोगशाळा, ग्रंथालय. शाळेचं नाव सांगत नाही, नसती भानगड नको. मी उर्वशीचा फॉर्म भरला, फोटो काढून आणला, परीक्षेला सिंदेवाहीला माझ्याच स्कूटीवर घेऊन गेले. तुम्ही म्हणाल, पट घालवणारा फॉर्म तूच कशाला भरलास? अहो, मी गणिताची बाई. मी शक्यता काढली होती. अख्ख्या जिल्ह्यातून दोन मुली घेणार होते. खासगी क्लासवाल्यांच्या शेकडो पोरी बसलेल्या. लागण्याची शक्यता नाहीच, आणि उपकार मात्र कायमचा. इतका सुरक्षित उपकार मी आयुष्यात केला नव्हता.

फॉर्मवर मोबाईल नंबर मी माझा टाकला. आमच्याकडे सगळे शिक्षक तेच करतात. लटारूभाऊंचा फोन महिन्यातले वीस दिवस रिचार्जविना पडलेला असतो. ओटीपी आला तर चार किलोमीटर पळत कोण जाणार?

मे महिन्यात लटारूभाऊंच्या अंगणात आमचा बाजार भरला. एका दिवशी तीन शाळा हजर. दुसऱ्या एका विद्यालयाचे दोन गुरुजी दप्तरं घेऊन आले होते. तालुक्याच्या इंग्रजी शाळेतून रोशन सर आले होते, गळ्यात टाय, मेच्या उन्हात. त्यांच्या शाळेच्या नावात इंटरनॅशनल होतं. त्यांनी टॅब काढला आणि एका मुलाचं चित्र दाखवलं, जो एकाच वेळी डॉक्टर, इंजिनिअर आणि अंतराळवीर दिसत होता.

"आमच्याकडे आठवीपासूनच फाउंडेशन आहे," रोशन सर म्हणाले. "टॅलेंट असलेल्या विद्यार्थ्यांची वेगळी बॅच. उर्वशीचा फोटो आम्ही चौकात लावणार, बारा बाय आठचा."

उर्वशी खांबाला टेकून उभी होती. तिने विचारलं, "सर, तुमच्या इथी आठवीले गणित कोन शिकवते?"

"डिजिटल बोर्ड," रोशन सर अभिमानाने म्हणाले.

मग तिने माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, शून्यानं भागत नाई म्हणते. काऊन भागत नाई?"

एकोणीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, त्यामुळे मीही स्वतःला विचारला नव्हता. मी म्हटलं, "ते आठवीच्या अभ्यासक्रमात नाही, बेटा." तिने मान हलवली. एवढ्याशा पोरीने मला माफ केलं असं वाटलं आणि मला तिचा रागच आला.

सौदा तुटला तो बसवर. उर्वशीच्या आईने, कमळाबाईने, चुलीजवळून विचारलं, "बस घरापावेतो येते का जी?" रोशन सर म्हणाले, फाट्यापर्यंत. फाटा दोन किलोमीटर, तोही त्याच जंगलातून. कमळाबाईने भाकरी उलटली आणि इंटरनॅशनल तिथेच संपलं. दप्तरवाले गुरुजी उठून गेले. मी शेवटी बोलले. "नऊ सायकली. एकट्या उर्वशीला नाही, नऊच्या नऊ मुलींना. नव्या, घंटीवाल्या."

सायकली आम्ही शिक्षक वर्गणी करून घेतो. सरकारच्या योजनेतल्या असं गावात सांगतो, म्हणजे सरकारचीही इज्जत राहते.

त्याच दिवशी मी मोहबोडीच्या सातवीपर्यंतच्या जिल्हा परिषद शाळेतून नऊ दाखले उचलले. शाळा सोडल्याचा दाखला ज्याच्या हातात, पोरगं त्याचं, हा आमचा कायदा. पालकाला दाखला दाखवतसुद्धा नाहीत. गुरुजींनी गठ्ठा दोऱ्याने बांधून दिला आणि म्हणाले, "मॅडम, उर्वशीले सांभाळजा. पोट्टी लय हुशार आहे." मी म्हटलं, सांभाळते ना. गठ्ठा शाळेच्या लोखंडी कपाटात ठेवला आणि किल्ली पर्समध्ये.

चार जूनला मी घरी लोणच्याला आंबे कापत होते. फोन वाजला. मेसेज होता. आपल्या पाल्याची निवड झाल्याबद्दल अभिनंदन. वीस जूनपर्यंत मूळ शाळा सोडल्याच्या दाखल्यासह उपस्थित राहावे, अन्यथा प्रवेश रद्द होईल.

माझा पाल्य पुण्यात नोकरी करतो. मेसेज उर्वशीचा होता.

मला आनंद झाला. खरं सांगते, आधी आनंदच झाला. जिल्ह्यातून दोन, त्यातली एक आपल्या मोहबोडीची! मी सुरी ठेवली, लटारूभाऊंना फोन लावायला नंबर काढला. तेवढ्यात डोक्याने वजाबाकी केली. वीसमधून एक, एकोणीस. आणि उर्वशी गेली की रांगेपुढे कोण? बाकीच्या आठही घरी बसणार. मग अकरा. मी फोन खाली ठेवला आणि आंबे कापायला लागले. माझ्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, बैठकीच्या समोरच्या भिंतीवर. माझे वडील चौदा किलोमीटर चालत जाऊन मॅट्रिक झाले ते त्या फोटोतल्या माणसाच्या जोरावर. त्या दिवशी मी आंबे घेऊन मागच्या अंगणात जाऊन बसले. तिथे सावली जास्त होती, असं माझं मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी वामनरावांना मेसेज दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला.

"हे फक्त तुमच्याच फोनवर आलं?"

"हो सर."

"मग मॅडम," ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "फोन कधीकधी बिघडतात. मेसेज उडून जातात. माझ्याच फोनमधले मागच्या वर्षी सगळे उडाले."

"सर, ती पोरगी..."

"पोरगी हुशार आहे. हुशार पोरगी कुठंही शिकते. खरी हुशारी आपल्याच शाळेत दिसते, कारण इथी तिले कोनाचीच मदत नसते." असं म्हणून स्वतःच चपापले. मग हळूच म्हणाले, "तुमची बदली कुठी होईन, सांगता येते का? सिरोंच्यात एक पद रिकामं आहे म्हणते. तिथी पोरं तेलगू बोलते."

मी काही बोलले नाही. काही न बोलणं हा आमच्या शाळेत ठराव मंजूर करायचा मार्ग आहे.

पुढचे काही दिवस मी स्वतःला फार चांगली कारणं दिली. एवढी लहान पोरगी एकटी नागपूरला कशी राहील. तिथल्या शहरी पोरी तिला चिडवतील. आईची आठवण येईल. मी इतकी मायाळू बाई आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

बारा जूनला पंचायत समितीच्या सभागृहात मेळावा होता. वरून पत्र आलं होतं, प्रत्येक तालुक्यात घ्यायचा. विषय होता 'प्रज्ञावंत विद्यार्थ्यांसाठी माध्यमिक शिक्षणाचे पर्याय'. मार्गदर्शक म्हणून वामनरावांनी माझं नाव कळवलं होतं, मेसेज यायच्या कितीतरी आधी. तालुक्यातली तीसेक हुशार पोरं आणि त्यांचे आईवडील आले होते. पंखे होते, लाईट नव्हती. पहिल्या रांगेत उर्वशी, शाळेच्या धुतलेल्या ड्रेसमध्ये, शेजारी कमळाबाई नव्या लुगड्यात. आधी उर्वशीचा शिष्यवृत्तीबद्दल सत्कार झाला. पुष्पगुच्छ तिच्या हातात दिला तो मी. टाळ्या वाजल्या. कमळाबाईने पदराने डोळे पुसले.

मग मी अर्धा तास बोलले. आजच्या काळात गुणवत्तेला असंख्य दारं खुली आहेत. केंद्राच्या निवासी शाळा आहेत, आश्रमशाळा आहेत, सैनिकी शाळा आहेत, ऑलिम्पियाड आहे, शिष्यवृत्त्या आहेत. विद्यार्थ्याने फक्त स्वप्न पाहायला पाहिजे. मी फळ्यावर चौकोन काढले, बाण काढले. एकेका चौकोनात पोरगं शिरतं आणि दुसरीकडून कलेक्टर होऊन बाहेर पडतं, असं ते चित्र होतं. नागपूरचा चौकोन मी काढला नाही. गटशिक्षणाधिकारी साहेब मान डोलावत होते. त्यांची मुलगी लातूरला शिकते.

"कोणाला काही प्रश्न?" मी विचारलं. हे विचारायचं असतं म्हणून विचारलं. आमच्या मेळाव्यांत कोणी प्रश्न विचारत नाही.

उर्वशी उभी राहिली. पुष्पगुच्छ अजून हातात होता. "मॅडम, आमी नागपूरची परीक्षा देल्ली होती ना, तिचा निकाल कधी लागते?"

सभागृहात सगळे माझ्याकडे पाहत होते. वामनराव पहिल्यांदाच इतके लक्ष देऊन माझं ऐकत होते. मी म्हटलं, "अजून लागला नाही, बेटा. लागला की मीच सांगेन."

"बरं मॅडम," ती म्हणाली आणि बसली.

बाकी काही झालं नाही. चहा झाला, समोसे झाले, फोटो झाला. फोटोत मी उर्वशीच्या खांद्यावर हात ठेवून उभी आहे. तो पेपरातही आला, 'गुणवंतांना मिळाली दिशा' या मथळ्याखाली. मला त्या दिवसापासून जेवण जाईना. रागही यायचा, तो कोणाचा ते कळायचं नाही. कधी सरकारचा, वीसचा आकडा कोणी काढला म्हणून. कधी वामनरावांचा. सगळ्यात जास्त त्या पोरीचा, ती नापास का झाली नाही म्हणून. शिक्षिकेला पोरगी पास झाल्याचा राग आला, याच्यापुढे आता काय राहिलं? ते मनात आलं आणि मला स्वतःची लाज वाटली. साधी, सरळ लाज.

सतरा जूनला सकाळी मी शाळेत गेले, कपाट उघडलं, गठ्ठ्यातून एक दाखला काढला आणि स्कूटी मोहबोडीकडे वळवली. बोडीच्या वळणावर नेहमीप्रमाणे हॉर्न वाजवला. अंगणात लटारूभाऊ धानाच्या बियाण्याची पोती उन्हात लावत होते. कमळाबाई सूप घेऊन बसली होती. उर्वशी भिंतीला टेकून जुन्या पेपरातलं काहीतरी वाचत होती.

मी बसले नाही. उभ्या उभ्याच म्हटलं, "भाऊ, उर्वशीची नागपूरला निवड झाली. चार तारखेलाच कळलं होतं मला. मी लपवलं. हा दाखला. वीस तारखेच्या आत पोचा."

मला वाटलं होतं, लटारूभाऊ ओरडतील. मी त्याची तयारी करून आले होते. त्यांनी पोतं खाली ठेवलं, हात झटकले आणि म्हणाले, "बसा ना मॅडम. आमाले माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"निकाल. पोरीनं सिंदेवाहीच्या सेतू केंद्रात पाह्यला, पाच तारखेले. नंबर टाकला का दिसते म्हणते."

यादी संकेतस्थळावर लागते. शेंबडं पोरगंही नंबर टाकून पाहू शकतं. मी, गणिताची पदवीधर, एका मेसेजवर बसून राहिले होते, जणू जगात फोन फक्त माझ्याकडेच होता.

"मग तुम्ही दाखला मागायला का नाही आलात?"

लटारूभाऊंनी बायकोकडे पाहिलं. कमळाबाईने सूप बाजूला ठेवलं. "कसं मागाव जी? गावात सारेच म्हणते, एक पोट्टी कमी झाली का मॅडमची नवकरी जाते. तुमी फारम भरला, तुमी परीक्षेले नेलं. तुमच्याच पोटावर पाय द्याव का आमी? म्हटलं, मॅडम देतीन तं जाऊ. नाई देतीन तं नाई जाऊ."

मी खाली बसले. ज्या लोकांना मी उन्हाळाभर सायकलींनी पकडत होते, ते लोक बारा दिवस माझी नोकरी सांभाळत बसले होते. पोरीचा प्रवेश जाऊ द्यायला निघाले होते. रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. कमळाबाईने पाणी आणून दिलं. मी उर्वशीला विचारलं, "माहीत होतं तर मग मेळाव्यात का विचारलंस?"

ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मले वाटलं, तुमी सांगसान."

मी दाखला तिच्या हातात दिला. "जा तू," मी म्हटलं. "माझं मी पाहीन."

तिने दाखला वाचला, नाव, जन्मतारीख, सगळं तपासलं. मग तो परत माझ्यासमोर धरला.

"मी नाई जात असं नाई," ती म्हणाली. "पन माह्यी एक अट आहे."

"अट?"

"तुमी साऱ्यायनं उन्हाळाभर मले काय काय देतो म्हटलं. सायकल, दप्तर, बारा बाय आठचा फोटो. मी कोनाले काई मागतलं का? आता मागतो. मी गेलो का ह्या आठजनी घरी बसतीन. त्यायच्या आया पाठवनार नाई. तुमी रोज सकाळी मोहबोडीले यायचं आन् त्यायच्या पुढं चालायचं. संध्याकाळी आनून सोडायचं. वळनावर थांबून मोजायचं."

"अगं, मी सावंगटोल्यात राहते. शाळा माझ्या घरासमोर आहे. उलटं चार किलोमीटर येऊन..."

"हाव. आठ किलोमीटर जास्त होते. संध्याकाळचे आठ. सोळा." हिशेब तिने आधीच करून ठेवला होता. "तुमी हो म्हटलं तं जातो. नाई तं सावंगटोल्यातच शिकतो. मंग मले शून्याचं तेवढं सांगा."

लटारूभाऊ पोरीला गप्प करायला पुढे झाले. मी त्यांना थांबवलं. उन्हाळाभर तीन शाळा या पोरीपुढे पर्याय मांडत होत्या. माझ्यापुढे पर्याय मांडणारी ती पहिलीच. मी हो म्हटलं.

आठ घरं आम्ही दोघींनी मिळून फिरलो. रुखमाबाई नावाची एक म्हातारी होती, तिची नात यंदा आठवीत. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "मास्तरीनबाई, वाघ आला तं तुमी काय करसान?" मी म्हटलं, हॉर्न वाजवीन. ती म्हणाली, "उर्वशी मोजत होती म्हणून पोट्ट्या भेत नव्हत्या. तुमाले मोजता येते ना?" एकोणीस वर्षं गणित शिकवून मला ही परीक्षा द्यावी लागली. पास झाले.

एकोणीस जूनला लटारूभाऊ उर्वशीला घेऊन नागपूरला गेले. वीसला पटावर सही झाली, म्हणजे तिच्या तिकडच्या पटावर. वामनरावांना मी सांगितलं तेव्हा ते बराच वेळ पेन उघडबंद करत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, नाव तेवढं आपल्या हजेरीवर राहू दिलं असतं तर? पोरगी आजारी दाखवता आली असती." मी म्हटलं, सर, आधार नंबर एकच असतो, दोन हजेऱ्यांवर चालत नाही. "आधी बरं होतं," ते म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

नववी सायकल आम्ही लटारूभाऊंकडेच राहू दिली. ते तिच्यावरून शेतात जातात.

शाळा जूनअखेर उघडली. रोज सकाळी सव्वानऊला मी मोहबोडीच्या पारापाशी उभी असते. आठ सायकली, पुढे माझी स्कूटी, पहिल्या गिअरमधल्या गाडीसारखी कुथत. बोडीच्या वळणावर थांबते, मोजते, आठ भरल्या की पुढे. ऑगस्टमध्ये एकदा रस्त्यावर ताजे पाय उमटलेले दिसले. पोरींनी घंट्या वाजवल्या, मी हॉर्न दाबून ठेवला, आणि आम्ही सगळ्या इतक्या जोरात ओरडलो की वाघ असलाच तर त्याची शाळा सुटली असेल. वर्गात त्यांना मी शून्याने का भागत नाही ते शिकवलं. मला आधी तीन दिवस वाचावं लागलं. अभ्यासक्रमात ते अजूनही नाही.

आठवीचा पट एकोणीस. नियम नियम आहे. दिवाळीच्या सुमारास यादी येईल आणि तिच्यात माझं नाव असेल, हे मलाही माहीत आहे आणि शाळेच्या शिपायालाही. सिरोंच्याचं पद अजून रिकामं आहे म्हणतात.

रविवारी उर्वशी वसतिगृहाच्या फोनवरून मला फोन करते. आईवडिलांना नंतर करते, त्यांचा लागत नाही म्हणून माझ्याकडेच निरोप ठेवते. तिकडे प्रयोगशाळा आहे, मॅडम फार चांगल्या आहेत, पहिल्या चाचणीत ती बाविसावी आली. मोहबोडीत बाविसावी येण्याइतक्या मुलीच नव्हत्या, म्हणून तिला गंमत वाटली. पण हे सगळं ती शेवटी सांगते. आधी विचारते, "आठही आल्या का?"

मागच्या रविवारीही तिने तेच विचारलं. मी म्हटलं, आठही आल्या. आणि मग, पुन्हा काही लपवायचं नाही असं ठरवलेलं असल्यामुळे, सांगून टाकलं, "उर्वशी, दिवाळीनंतर मी इथे नसेन. सिरोंच्याला पाठवतील. तेव्हा पोरींच्या पुढे कोण जाईल, ते मला सुचत नाही. तूच सांग."

पलीकडे वसतिगृहातल्या मुलींचा गलका ऐकू येत होता. मी वाट पाहत राहिले. या पोरीला कुठलंही गणित घाला, तुमचा प्रश्न संपायच्या आत ती उत्तर देते.

"उर्वशी?"

"मी आहो मॅडम, आहो," ती म्हणाली. "हिशेबच करून राह्यलो."

मग तिच्या मागची मुलगी फोन मागायला लागली.